ऑर्किडची कळीगळ

ऑर्किडची कळीगळ : ऑर्किडच्या फुलोऱ्यावर धरलेल्या कळ्या न उमलता पिवळ्या पडणे, सुरकुतणे, वाळणे किंवा गळून पडणे ह्या विकृतीला कळीगळ म्हणतात. ऑर्किड (आमर) कुलात सु. २८,००० जाती असून त्यांपैकी शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या फॅलिनॉप्सिस, डेंड्रोबियम, कॅटलिया, व्हँडा, ऑन्सिडियम इ. वंशांतील प्रकारांत ही विकृती वारंवार आढळते. कळीगळ हा स्वतंत्र रोग नव्हे. पाणी, उष्णता, प्रकाश, वायू, कीड किंवा मुळे ह्यांपैकी कोणत्याही बाबतीतील बिघाडाचे ते समान बाह्य लक्षण आहे. त्यामुळे तिच्यावर एकच एक औषध नाही. फॅलिनॉप्सिससारखी वनस्पती पुष्कळदा वर्षातून एकदाच फुलते. तिच्या कळ्या गळाल्या म्हणजे वर्षभराची जोपासना वाया जाते. शिवाय गळ थांबविण्यासाठी घाईने दिलेले जादा पाणी किंवा खत कित्येकदा झाडाच्याच मुळावर येते. म्हणून कारण ओळखणे व ते कळ्या धरण्यापूर्वीच दूर करणे ह्याला उपचारापेक्षा अधिक महत्त्व आहे.

बहुतेक लागवडीतील ऑर्किडे उष्ण व दमट प्रदेशांतील अपिवनस्पतींपासून (इतर झाडांच्या आधाराने वाढणाऱ्या वनस्पतींपासून) निपजली आहेत. दमट हवा ही त्यांची मूळ गरज होय. कोकण किंवा गोवा येथे ती निसर्गतःच भागते. विदर्भात मात्र वर्षाचे सु. आठ महिने हवा कमीअधिक कोरडी असते. नागपूरच्या नैर्ऋत्य भागातील प्रताप नगर ह्या निवासी वसाहतीतील एखाद्या घराचा सज्जा हे अशा परिस्थितीचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. तेथे ऑर्किड वाढू शकते व कळ्याही धरते. परंतु त्या कळ्या उमलतील की नाही, हे बव्हंशी हवेच्या कोरडेपणावर अवलंबून राहते.

कळीची रचना व उमलण्याची क्रिया : ऑर्किडच्या कळीत बाहेर तीन संदले, आत दोन प्रदले व एक ओष्ठ (वेगळ्या आकाराचे तिसरे प्रदल) असतो. संदलांच्या कडा एकमेकींना चिकटून कळीचे बंद आवरण तयार होते. कळीचा देठ दिसतो तो भाग वस्तुतः बराचसा किंजपुटच असतो. बहुतेक जातींत कळी वाढताना हा भाग पिळला जाऊन ती सु. १८०° वळते आणि त्यामुळे ओष्ठ खालच्या बाजूस येतो. ही वळण्याची क्रिया गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवर अवलंबून असते. कळ्या वाढत असताना कुंडी आडवी केली किंवा वरचेवर फिरविली, तर फुले वेडीवाकडी लागतात ती ह्याच कारणाने.

कळी उमलणे ही मुख्यतः पाण्याच्या दाबाने घडणारी क्रिया आहे. उमलण्याच्या आधी संदले व प्रदले ह्यांच्या कोशिकांत साठविलेल्या स्टार्चासारख्या पदार्थांचे साध्या शर्करांत रूपांतर होते. कोशिकारस दाट झाल्यामुळे कोशिका पाणी ओढून घेतात, फुगतात व लांबतात. परिदलांच्या आतील बाजूची वाढ बाहेरील बाजूपेक्षा जास्त झाली, की चिकटलेल्या कडा सुटतात आणि पाकळ्या बाहेर वळतात. ह्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे कळीला शर्करेचा पुरवठा हवा आणि तो निरोगी पानांकडून व काही वंशांत आभासी कंदांकडून होतो. दुसरी म्हणजे कळीत येणारे पाणी तिच्यातून उडून जाणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त असले पाहिजे. ह्यांपैकी एक जरी अट पुरी झाली नाही, तरी कळी आकाराने पूर्ण वाढूनही मिटलेलीच राहते.

पाण्याची टंचाई भासताच जाड पानांची ऑर्किडे आपली त्वक्रंध्रे मिटून घेतात. अशा अनेक जाती दिवसा त्वक्रंध्रे बंदच ठेवतात व कार्बन डाय-ऑक्साइड रात्री घेतात. कळीची गोष्ट वेगळी आहे. तिच्या परिदलांवर त्वक्रंध्रे फार थोडी असतात. पाणी मुख्यतः पातळ उपत्वचेतून उडून जाते आणि हा व्यय आवरण्याचे साधन कळीपाशी नसते. पाणी व अन्न अपुरे पडू लागले, की वनस्पती प्रथम कळ्यांचा, मग फुलांचा आणि सर्वांत शेवटी पानांचा त्याग करते. बीजोत्पादन पुढील वर्षीही होऊ शकते, पण पाने व मुळे गेली तर झाडच जाते. ह्या दृष्टीने कळीगळ हा वनस्पतीच्या आत्मरक्षणाचा एक भाग आहे.

प्रत्यक्ष गळ कळीच्या देठाशी असलेल्या कोशिकांच्या एका पातळ थरात घडते. निरोगी कळीतून ऑक्सिन हे वृद्धिनियंत्रक द्रव्य देठाकडे सतत वाहत असते, तोवर हा थर घट्ट राहतो. कळी दुर्बळ झाली की ऑक्सिनचा प्रवाह मंदावतो, एथिलीन ह्या वायुरूप वृद्धिनियंत्रकाचा प्रभाव वाढतो आणि थरातील कोशिकाभित्ती विरघळून कळी सुटते. ही क्रिया एकदा सुरू झाली म्हणजे ती मागे फिरविता येत नाही. पिवळी पडलेली कळी कोणत्याही फवारणीने पुन्हा हिरवी होत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कोरड्या हवेचा परिणाम : हवा किती कोरडी आहे हे केवळ सापेक्ष आर्द्रतेवरून कळत नाही, हवा आणखी किती बाष्प सामावून घेऊ शकते, हे पाहावे लागते. २५° से. तापमान व ७० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना हवेतील बाष्पदाबाची तूट सु. ९·५ मिलिबार असते. ४२° से. तापमान व २० टक्के आर्द्रता असताना तीच सु. ६५ मिलिबार होते. म्हणजे मे महिन्यातील नागपूरची दुपारची हवा कळीतील पाणी दमट, सौम्य हवेच्या जवळजवळ सातपट जोराने ओढते. नागपूरचे मे महिन्यातील सरासरी कमाल तापमान ४२° से.हून अधिक असते आणि २३ मे २०१३ रोजी ते ४७·९° से.पर्यंत गेल्याची नोंद आहे. सिमेंटच्या गच्चीवर किंवा पश्चिमाभिमुख सज्जात भिंतींतून परावर्तित होणारी उष्णता ह्यात भर घालते. उन्हाळ्यातील उष्ण रात्रीही हानिकारक ठरतात. कारण रात्री श्वसनाचा वेग वाढून दिवसा तयार झालेली शर्करा कळीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्च होते.

फॅलिनॉप्सिसच्या बाबतीत नागपूरच्या ऋतुचक्रातून एक विशेष अडचण उद्भवते. ह्या वंशातील संकरित प्रकारांना फुलोरा येण्यासाठी काही आठवडे सु. २६° से.पेक्षा कमी तापमान लागते. सतत २८° से.पेक्षा अधिक तापमानात ते केवळ पानेच वाढवितात. नागपूरला ही गार हवा साधारणतः नोव्हेंबरपासून मिळते व फुलोऱ्याचा दांडा त्या सुमारास बाहेर पडतो. दांडा दिसल्यापासून फूल उमलण्यास तीन ते चार महिने लागतात. म्हणजे कळ्या पूर्ण फुगतात त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. पावसाळ्यात साठलेली जमिनीतील ओल तोवर संपत आलेली असते, ऊन तापू लागते आणि दुपारची आर्द्रता झपाट्याने उतरते. कळीला पाण्याची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी हवा कोरडी होते. महिनोन्‌महिने सुस्थितीत असलेल्या कळ्या ऐन उमलण्याच्या वेळी आठवड्याभरात सुरकुततात, ह्याचे हे प्रमुख कारण होय. उलटपक्षी डिसेंबर-जानेवारीत नागपूरचे किमान तापमान अधूनमधून १०° से.च्या खाली जाते. अशा रात्री उघड्या सज्जात राहिलेल्या फॅलिनॉप्सिसच्या कोवळ्या कळ्या थंडीने पिवळ्या पडतात. सारांश, एकाच कुंडीला प्रथम थंडीपासून व नंतर दोन महिन्यांच्या आत कोरड्या उष्णतेपासून जपावे लागते.

इतर कारणे : (१) मुळांची विकृती : अपिवनस्पती ऑर्किडांच्या मुळांवर वेलामेन नावाचे मृत कोशिकांचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी चटकन शोषून घेते. कोरडे असताना रुपेरी पांढरे व भिजल्यावर हिरवे दिसते. कुंडीतील झाडाची साल किंवा नारळाचा काथ्या जुना होऊन कुजला व सतत ओला राहिला, तर मुळांना हवा मिळत नाही. ती तपकिरी व पोकळ होतात. अशा झाडाला कितीही पाणी घातले तरी ते कळीपर्यंत पोहोचत नाही. पाने मऊ व सुरकुतलेली, पण कुंडी ओली, हे ह्या अवस्थेचे लक्षण आहे. तहानेची व अतिपाण्याची बाह्य लक्षणे अशा रीतीने सारखीच दिसत असल्याने मुळे पाहिल्याशिवाय पाणी वाढविणे धोक्याचे ठरते.

(२) क्षार : नागपूरचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला असून अशा खडकातील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. त्यातील क्षार, तसेच वरचेवर दिलेली रासायनिक खते कुंडीत साचतात व मुळांच्या टोकांना इजा करतात. कुंडीच्या काठावर किंवा सालीच्या तुकड्यांवर दिसणारा पांढरा थर ही त्याची खूण होय. कळ्या धरल्यावर ‘फुलांसाठी’ म्हणून खताची मात्रा वाढविल्यास क्षारांचा दाब वाढून मुळांना पाणी घेणे अधिकच अवघड जाते.

(३) प्रकाश व स्थलांतर : अपुऱ्या प्रकाशात पाने गडद हिरवी व लांब होतात, फुलोरा आला तरी सर्व कळ्या पोसण्याइतकी शर्करा तयार होत नाही व टोकाकडील कळ्या वाळतात. रोपवाटिकेच्या दमट छायागृहातून कोरड्या दिवाणखान्यात आणलेल्या कळीदार झाडाची गळही सर्वपरिचित आहे. बदललेला प्रकाश, कोरडी हवा, वाहतुकीतील अंधार व हेलकावे ह्यांचा तो एकत्रित परिणाम असतो. अशी गळ सामान्यतः झाड आणल्यानंतरच्या पहिल्या एकदोन आठवड्यांत होते. पूर्ण उमललेली फुले त्या मानाने हा बदल बरा सोसतात.

(४) एथिलीन वायू : दिव्याच्या कोळशाच्या वायूतील एथिलीनमुळे वाटाण्याच्या रोपांची वाढ विकृत होते, हे दिमित्री नेल्युबोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. ऑर्किडची फुले ह्या वायूला विलक्षण संवेदनशील आहेत. कॅटलियाच्या कळ्यांची व फुलांची संदले टोकाकडून वाळत जाण्याची विकृती अमेरिकेतील शहरांजवळच्या काचगृहांत आढळत असे. ती अत्यल्प एथिलीनमुळे होते, हे ओ. डब्ल्यू. डेव्हिडसन ह्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. घरामध्ये हा वायू अपूर्ण ज्वलन, वाहनांचा धूर, धूप-उदबत्तीचा धूर आणि पिकणारी फळे ह्यांपासून येतो. केळी व आढीत घातलेले आंबे भरपूर एथिलीन सोडतात. नागपूरच्या घरांत हिवाळ्यात व उन्हाळ्याच्या प्रारंभी संत्र्यांच्या पेट्या असतात. ताजे, निरोगी संत्रे फारच थोडे एथिलीन सोडते. परंतु हिरव्या बुरशीने सडू लागलेल्या संत्र्यापासून त्याची मोठी निर्मिती होते, कारण ती बुरशी स्वतःच हा वायू तयार करते. बंद खोलीत एकाच वेळी सर्व फुलोऱ्यांवरील लहानमोठ्या कळ्या एकदोन दिवसांत माना टाकू लागल्या, तर एथिलीनचा संशय घ्यावा.

(५) कीड : फुलकिडे मिटलेल्या कळीत शिरून परिदले खरवडतात, कळी उघडलीच तर कडा तपकिरी व रेषा रुपेरी दिसतात. मावा व पिठ्या ढेकूण कळीच्या देठातील रस शोषतात. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळ्यांचा (सूक्ष्म अष्टपाद प्राण्यांचा) उपद्रव वाढतो. डेंड्रोबियमाच्या कळ्यांत एका सूक्ष्म माशीच्या अळ्याही राहतात. अशा कळ्या वाकड्या होतात, आतून पाणचट होऊन गळतात. फुलोऱ्यावर दिसणारे स्वच्छ गोड थेंब मात्र नेहमीच किडीचे लक्षण नसते. अनेक ऑर्किडांच्या कळ्यांच्या देठावर निसर्गतः मधुरस स्रवतो व त्यासाठी मुंग्या येतात. किडीची प्रत्यक्ष खात्री झाल्याशिवाय औषध फवारू नये.

(६) कूज : रात्रभर कळ्यांवर पाणी साचून राहिले व हवा खेळती नसली, तर सूक्ष्मजंतू व कवके ह्यांमुळे कळ्या काळ्या पडून मऊ होतात. वाळलेली कळी कागदासारखी, तर कुजलेली ओलसर व दुर्गंधीयुक्त असते. नागपूरच्या परिसरात हा प्रकार प्रामुख्याने जुलै ते सप्टेंबर ह्या काळात आढळतो. कॅटलियाच्या कळ्या एका वेष्टनात वाढतात. त्यात बाष्प साठून पाणी होते व कळ्या आतल्या आत कुजतात. वेष्टन पिवळे पडू लागल्यास निर्जंतुक पात्याने टोकाशी सावकाश उघडून पाणी निघून जाऊ द्यावे.

(७) निसर्गतः न उमलणाऱ्या कळ्या : लांब फुलोऱ्याच्या टोकावरील एकदोन कळ्या वाळणे सामान्य असून त्यात विकृती नसते. काही ऑर्किड जातींची फुले अनुन्मील्य असतात, म्हणजे ती मिटलेल्या अवस्थेतच स्वतःचे परागण करून फळ धरतात. आणखी काही जातींत कळी विशिष्ट संकेताची वाट पाहते. आग्नेय आशिया व अंदमान येथील डेंड्रोबियम क्रुमेनेटम ह्या जातीच्या कळ्या ठराविक अवस्थेपर्यंत वाढून थांबतात. जोरदार पावसाने हवा एकाएकी काही अंशांनी थंड झाली, की सु. नऊ दिवसांनी एका परिसरातील सर्व झाडे एकाच दिवशी फुलतात. अशी थांबलेली कळी मेलेली नसते.

निदान : कळीचे रूप, तिचा आकार आणि गळ सुरू झाल्याचा दिवस ह्या तीन गोष्टींवरून कारणाचा बराच उलगडा होतो. वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या पिवळ्या होऊन पडत असतील, तर थंडी, स्थलांतर किंवा मुळांतील बिघाड संभवतो. पूर्ण फुगलेल्या कळ्या उमलण्याच्या बेतात थांबून सुरकुतत असतील, तर कोरडी हवा हे पहिले कारण मानावे. कळ्या वाकड्या किंवा डागाळलेल्या असल्यास त्यांपैकी एक उभी चिरून भिंगाखाली पाहावी. तसेच फुलोरा पांढऱ्या कागदावर हलकेच झटकल्यास फुलकिडे दिसतात. सर्व झाडांची गळ एकदम झाली तर कारण हवेत, आणि एकाच झाडाची झाली तर ते बहुधा त्या कुंडीत असते. झाडाची जागा, पाणी, खत व कमाल-किमान तापमान ह्यांची तारखेनुसार टिपणे ठेवल्यास मागील दोन आठवड्यांत काय बदलले, हे शोधणे सोपे जाते. कारण व गळ ह्यांत पुष्कळदा काही दिवसांचे अंतर असते.

उपाय : दांडा दिसू लागताच झाडाची कायमची जागा ठरवावी आणि फुले उमलेपर्यंत ती बदलू नये. कुंडीवर खूण करून तिची एकच बाजू नेहमी प्रकाशाकडे ठेवावी. नागपुरात पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील सज्जा उत्तम होय. फेब्रुवारीनंतर दुपारच्या उन्हासाठी सु. ७५ टक्के छाया देणारी जाळी बांधावी. व्हँडासारख्या प्रकारांना ह्याहून अधिक प्रकाश लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत फॅलिनॉप्सिस रात्री घरातच राहील अशी योजना आधीपासून करावी. थंडी पडल्यावर झाडाची रोज ने-आण करणे इष्ट नाही.

आर्द्रता ५० ते ७० टक्के राखणे हा उपायांचा गाभा आहे. पसरट ताटात खडे घालून त्यांच्या वरच्या पातळीच्या खाली पाणी ठेवावे व कुंडी खड्यांवर ठेवावी. कुंडीचे बूड पाण्याला लागू देऊ नये. अनेक कुंड्या एकत्र ठेवल्यास त्यांच्या बाष्पोच्छ्वासामुळे त्यांच्या भोवतीची हवा अधिक दमट राहते. सज्जाच्या कठड्याला ओले गोणपाट टांगणे व खाली ओल्या वाळूचा थर ठेवणे हे कमी खर्चाचे उपाय आहेत. दुपारी केवळ तुषार मारल्याने आर्द्रता थोडाच वेळ वाढते. कळ्यांवर पाण्याचे थेंब राहणे तर टाळलेच पाहिजे. तुषार सकाळी वायवी मुळांवर व भोवतालच्या जागेत मारावेत.

नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी चालणारा वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा कूलर ऑर्किडला उपकारक व अपायकारक असा दोन्ही ठरू शकतो. ओल्या ताट्यांतून येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी थंड व पुष्कळ दमट असते. त्यामुळे कूलर असलेल्या खोलीत, पण वाऱ्याच्या झोताबाहेर ठेवलेल्या झाडाच्या कळ्या चांगल्या टिकतात. झोत सरळ कळ्यांवर आल्यास मात्र वेगवान वाऱ्याने त्यांतील पाणी उडून जाते, आणि कूलर बंद होताच तापमान एकदम वाढते. झाड झोतापासून दूर, खिडकीतून उजेड येईल अशा ठिकाणी असावे व हवा बाहेर जाण्यास वाट असावी. वातानुकूलन यंत्र हवेतील बाष्प काढून घेत असल्याने त्याच्या खोलीत कळीदार ऑर्किड ठेवू नये.

पाणी सकाळी द्यावे व ते कुंडीतून पूर्ण निथळू द्यावे. वेलामेन रुपेरी दिसू लागल्यावर पुन्हा पाणी द्यावे. वार ठरवून देऊ नये. शक्य असल्यास पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. ते नसल्यास महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या तीनचार पट साधे पाणी हळूहळू ओतून साचलेले क्षार धुऊन काढावेत. खत नेहमीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी तीव्रतेचे व ओल्या मुळांनाच द्यावे. कळ्या फुगू लागल्यावर ते बंद ठेवले तरी नुकसान नाही. कळ्या असताना कुंडी बदलू नये. मुळे कुजल्याचे निश्चित झाल्यास मात्र फुलोऱ्याचा मोह सोडून दांडा कापावा, मेलेली मुळे काढावीत व नव्या सालीत रोप लावावे. अशा वेळी झाड वाचविणे हेच योग्य होय. निरोगी फॅलिनॉप्सिसच्या कळ्या गळाल्या असतील व दांडा हिरवा असेल, तर तो बुडाकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेऱ्याच्या वर कापल्यास त्या पेऱ्यातून कित्येकदा नवा फुलोरा फुटतो.

फळांची टोपली, आंब्यांची आढी व देवघरातील धूर ह्यांपासून झाड दूर ठेवावे. सडलेली फळे व कोमेजलेली फुले ताबडतोब काढावीत. परागण झालेले फूलही एथिलीन सोडून लवकर कोमेजते. मावा व पिठ्या ढेकूण ओल्या कापसाने पुसून काढता येतात. तेलयुक्त फवारे कळ्यांवर उन्हात मारल्यास त्या भाजतात. मिटलेली कळी बोटांनी उघडणे निरर्थक आहे; कोशिका फुगलेल्या नसल्याने परिदले फाटतात व कळी लवकर कुजते.

प्रकारांची निवड : कळीगळीवरील सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्थानिक ऋतूंशी जुळणारा प्रकार निवडणे. पावसाळ्यात व त्यानंतर फुलणारे डेंड्रोबियमचे संकरित प्रकार नागपुरात फॅलिनॉप्सिसपेक्षा कमी अडचणीचे ठरतात, कारण त्यांच्या कळ्या हवा दमट असतानाच वाढतात. एतद्देशीय जातींनी हा मेळ निसर्गतःच साधला आहे. विदर्भाच्या पानझडी जंगलांत आढळणारी व्हँडा टेसेलॅटा (रास्ना) ही जाती जाड, पन्हळी पाने व लांब मुळे ह्यांच्या बळावर कडक उन्हाळा सोसते आणि उन्हाळा-पावसाळ्याच्या संधिकालात फुलते. सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा) व सह्याद्री-सातपुड्यातील एरिडीस मॅक्युलोसा ह्यांचा बहरही पावसाच्या आगमनाच्या सुमारास, हवेतील बाष्प वाढत असताना येतो.

ह्या जाती जंगलातून ओरबाडून आणणे मात्र सर्वथा अनिष्ट आहे. झाडाच्या सालीला चिकटलेली मुळे उपटताना तुटतात. त्यामुळे अशी रोपे आधी कळ्या टाकतात आणि बहुधा पुढे मरतात. संपूर्ण ऑर्किड कुल वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहे. ऊतकसंवर्धनाने किंवा विभाजनाने वाढविलेली रोपे रोपवाटिकांतून मिळतात व तीच लावावीत. सिक्कीममधील पाकयोंग येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्रात ऑर्किडांचे जतन, संकर व लागवड ह्यांसंबंधी संशोधन केले जाते. नवे रोप शक्यतो पावसाळ्याच्या प्रारंभी घ्यावे. म्हणजे पुढील कोरड्या ऋतूपूर्वी नवी मुळे फुटण्यास त्याला चार महिने मिळतात व त्यानंतर येणाऱ्या कळ्या पोसण्याची त्याची शक्ती वाढते.